नाताळच्या सुट्टीत मुंबई : एका कौटुंबिक बेताचा इतिहास

१/ डिसेंबर उजाडला की पुणे, सातारा, नाशिक, सोलापूरकडच्या घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. मुलांना नाताळची सुट्टी लागते आहे, तर मुंबई दाखवून आणू. कोणती गाडी धरायची, कोणाकडे उतरायचे, किती दिवस राहायचे, काय काय पाहायचे? हा बेत इतका अंगवळणी पडला आहे की त्यालाही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. #धागा

२/ या साध्या बेताला चार गोष्टी लागतात. घरातल्या सर्वांना एकाच वेळी मिळणारी सुट्टी, घाट उतरवून देणारी गाडी, परक्या शहरात पाठ टेकायला जागा आणि तेथे पाहण्याजोगे काहीतरी. महाराष्ट्रात या चार गोष्टी जमून यायला सुमारे शंभर वर्षे लागली. त्या सर्वांच्या वाट्याला एकाच वेळी आल्या नाहीत. कोणाला काय आणि कधी मिळाले, हाच या धाग्याचा विषय आहे.

३/ रेल्वेपूर्वी कुटुंबे प्रवास करीत नसत असे नाही. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर, नाशिक, जमल्यास काशी, असा प्रवास सहकुटुंब होई. त्याचा काळ पंचांग ठरवी आणि हेतू देव ठरवी. मुंबईत मुंबादेवी होती, वाळकेश्वरही होता; परंतु घाटावरचा माणूस मुंबईस जाई तो बहुधा नोकरी, व्यापार किंवा कोर्टकज्जा यांसाठी. बायकामुलांना घेऊन केवळ शहर ‘पाहण्यासाठी’ जाणे ही कल्पनाच नवी होती.

४/ प्रथम सुट्टीविषयी. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला, तो इंग्रजी राज्याच्या कितीतरी आधी. नाताळची सार्वत्रिक सुट्टी मात्र इंग्रजी कारभाराची देणगी. १८८१ साली हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांसंबंधी कायदा झाला. त्याच्या २५व्या कलमात ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे काय हे सांगताना रविवार, इंग्रजी नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे घातली गेली. इतर दिवस सरकारने जाहीर करावेत असे ठरले.

५/ म्हणजे बँक, कचेरी, न्यायालय आणि सरकारी शाळा ही सर्व एकाच वेळी बंद राहू लागली. दिवाळीला घर सोडता येत नाही. घरातच सण असतो. नाताळ हा बहुसंख्य मराठी कुटुंबांचा सण नव्हता, म्हणूनच तो प्रवासाला सोयीचा ठरला. पाऊस सरलेला, हवा थंड, रस्ते कोरडे. कारकून, वकील, शिक्षक आणि त्यांची शाळकरी मुले या नव्या वर्गाला ही सुट्टी अगदी मापाने शिवल्यासारखी बसली.

६/ शेतकऱ्याला मात्र ती बसली नाही. डिसेंबरात देशावरच्या रानात रब्बीची ज्वारी आणि हरभरा उभा असतो. पाखरे राखायची, पाणी द्यायचे, गुरांकडे पाहायचे. त्याचे मोकळे दिवस सुगीनंतर येत आणि त्याच्या जत्राही बहुधा त्याच सुमारास भरत. एकाच जिल्ह्यात दोन कालगणना नांदत होत्या आणि रेल्वेचा सुट्टीचा प्रवास त्यांतल्या एकीशीच जुळणारा होता.

७/ आता गाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. अंतर ३४ किलोमीटर. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८५८ मध्ये घाटमाथ्यावर पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. मध्ये उभा होता बोरघाट. पुण्याहून मुंबईस निघालेला प्रवासी खंडाळ्यास उतरे, पायी, पालखीतून किंवा तट्टावरून घाट उतरे आणि खोपोलीला पुन्हा गाडीत बसे. म्हातारी माणसे, लेकरे आणि वळकट्या घेऊन हा उतार म्हणजे निम्मा प्रवास होता.

८/ २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटातला लोहमार्ग खुला झाला. सुमारे २४ किलोमीटरचा चढ आणि त्यात २५ बोगदे. कामाच्या भरात येथे ४२ हजारांपर्यंत मजूर राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंगांचे अपघात यांत हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच काही आठवड्यांत मरण पावला आणि ते कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले. मजुरांची नावे राहिली नाहीत.

९/ योगायोग असा की त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. माडगावकर मूळचे गोव्याचे, वास्तव्याने मुंबईकर. या बेटाचा इतिहास, वस्त्या, जाती-धर्म, बाजार, इमारती, उद्योग हे सारे त्यांनी मराठीत एकत्र मांडले. मुंबई हे वाचण्याचा आणि पाहण्याचा विषय आहे, ही जाणीव या ग्रंथाने मराठी वाचकास दिली. घाट उतरणारी गाडी आणि शहर उलगडणारे पुस्तक एकाच वर्षी हाती आले.

१०/ पाहण्याजोग्या गोष्टीही याच पिढीत उभ्या राहिल्या. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट झाले. १८७८ मध्ये प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा पूर्ण झाला. त्याच वर्षी बोरीबंदरच्या नव्या स्थानकाचे काम सुरू झाले. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्याला तिचे नाव मिळाले. पाहुणा गाडीतून उतरे तो थेट शहरातल्या सर्वांत भव्य इमारतीत. पाहण्याची सुरुवात फलाटावरच होई.

११/ मुलांचे लक्ष मात्र भायखळ्याकडे. १८६२ मध्ये राणीची बाग खुली झाली. तिच्या आवारातले संग्रहालय २ मे १८७२ पासून लोकांना पाहता येऊ लागले. डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीतून ते उभे राहिले होते. आज ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखले जाते. ज्ञान सामान्य माणसासमोर मांडून ठेवावे, त्याने सहकुटुंब येऊन ते पाहावे, हा विचार त्या काचेच्या कपाटांमागे होता.

१२/ शहरातल्या शहरात फिरायचे कसे? ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत असे तिचे पहिले मार्ग होते. १९०७ मध्ये घोडे गेले आणि वीज आली. घाटावरून आलेल्या मुलांना राजाबाई मनोऱ्याइतकेच ट्रामचेही अप्रूप वाटावे यात नवल नव्हते. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावेपर्यंत ती मुंबईच्या रस्त्यावर होती.

१३/ बेत आखताना एक अडचण अशी होती की आज ती सांगूनही पटत नाही. घड्याळ कोणते मानायचे? मुंबईचे घड्याळ स्थानिक वेळ दाखवी, तर रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले; दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईकर आपल्या वेळेला चिकटून राहिले. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता आणि तो पूर्णपणे नाहीसा व्हायला १९५५ साल उजाडावे लागले. परतीची गाडी धरताना नातेवाईकाच्या भिंतीवरचे घड्याळ पाहून भागत नसे.

१४/ सर्वांत कठीण प्रश्न मुक्कामाचा. वॉटसनसारखी हॉटेले युरोपीय पाहुण्यांसाठी होती आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलेले ताजमहाल कारकुनाच्या आवाक्यातले नव्हते. राहिल्या धर्मशाळा आणि खाणावळी; त्या बहुधा जातीच्या किंवा पंथाच्या. म्हणून बेताचा खरा आधार असे तो गिरगाव-परळच्या चाळीतला कोणी आतेभाऊ, मावसमेहुणा किंवा गाववाला. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच सहा माणसे असत. पाहुण्यांची पथारी मग गॅलरीत पडे.

१५/ जेवणाचा प्रश्नही जातीशीच बांधलेला. कोणाच्या हातचे खायचे, कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, याचे सोवळे प्रवासात सैल पडेल अशी भीती थोरांना वाटे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू आणि पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या ही सारी तयारी केवळ काटकसरीची नव्हती; वाटेत परक्या हातचे घ्यावे लागू नये, याचीही ती तरतूद होती. अर्थात ती तरतूद करण्यासाठी पहाटे उठे ती घरातली बाई. सुट्टी सर्वांची असे. तिचे काम मात्र आदल्या दिवसापासून दुप्पट होई.

१६/ नाताळच्या सुट्टीने राजकारणही घडवले. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरअखेर पुण्यात भरायचे होते. ऐन वेळी पुण्यात पटकी उद्भवली आणि ते मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. २८ डिसेंबरला ७२ प्रतिनिधी जमले. तारीख मात्र बदलली नाही. न्यायालये बंद असत ती त्याच आठवड्यात आणि प्रतिनिधींत वकिलांचा भरणा मोठा होता. पुढे अनेक वर्षे अधिवेशन आणि नाताळ हे समीकरणच झाले.

१७/ १८८९ चे अधिवेशन पुन्हा मुंबईत झाले. त्यास पंडिता रमाबाईंसह काही स्त्रिया उपस्थित होत्या. १९०४ मध्ये मुंबईतच अधिवेशनाबरोबर औद्योगिक प्रदर्शन भरले. अशा प्रसंगांनी सुशिक्षित घरांना मुंबईस जाण्याचे एक प्रतिष्ठित निमित्त दिले. पुरुषांनी भाषणे ऐकावीत, घरच्यांनी प्रदर्शन पाहावे. ‘मौजेसाठी जातो’ असे म्हणायला संकोच वाटे, तेथे देशकार्याचे नाव घेता येई.

१८/ आता याच शहराची दुसरी बाजू. पाहुणे ज्या परळ-भायखळ्यातून राणीच्या बागेकडे जात, तेथल्या कापडगिरण्यांतील कामगारांना आठवड्याचा एक दिवसही हक्काने मोकळा नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम. सुट्टी मिळे ती सणाला किंवा यंत्राच्या सफाईसाठी, मालकाच्या मर्जीने. १८८१ च्या कायद्यातील ‘सार्वजनिक सुट्टी’तल्या ‘सार्वजनिक’ या शब्दात गिरणीची जनता धरलेली नव्हती.

१९/ ही मागणी उभी केली सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना स्थापली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली एक प्रमुख मागणी होती रविवारच्या सुट्टीची. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

२०/ एका दिवसात मुलखाला जाऊन येता येत नाही. परंतु स्वतःच्या शहरात हिंडता येते. आपण ज्या मुंबईचे कापड विणतो ती मुंबई डोळे भरून पाहण्याची फुरसत कामगार कुटुंबाला मिळाली, ती कोणाच्या औदार्याने नव्हे. रविवार आज दिनदर्शिकेत तांबड्या अक्षरांत आपोआप छापलेला दिसतो, म्हणून तो मागावा लागला होता हे विसरले जाते.

२१/ सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघड झाला आणि त्या हिवाळ्यात प्रवासाची दिशाच उलटली. पाहुणे येणे थांबले. लाखो माणसे शहर सोडून गावी निघाली. स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. स्त्रियांच्या तपासणीवरून संताप उसळला. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ वर उतरली. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असताना लोखंडे स्वतः त्या रोगाला बळी पडले. तारीख ९ फेब्रुवारी १८९७.

२२/ सुट्टी आहे, गाडी आहे, पैसेही आहेत, तरी प्रवास कसा मोडतो याची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात केली आहे. प्रसंग १९०१ च्या सुमाराचा आणि उन्हाळी सुट्टीचा. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. साताऱ्याहून भीमराव, त्यांचे बंधू आणि दोन भाचे अशी चार मुले सुट्टीत त्यांच्याकडे निघाली. नवे कपडे शिवले, शिदोरी बांधली, तिकिटे काढली. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता.

२३/ वडिलांना धाडलेले पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. मसूर स्थानकावर कोणी न्यायला आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी बैल हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने चालावे या अटीवर. टोपलीत अन्न भरपूर होते. पण रात्रभर पाणी कोणी दिले नाही, म्हणून ते खाताही आले नाही. रेल्वेच्या डब्यात तिकीट पुरेसे होते. डब्याबाहेर पाऊल टाकताच ते निरुपयोगी ठरले.

२४/ मुंबईच्या दर्शनस्थळांची यादी पुढे वाढत गेली. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२४ मध्ये गेटवे ऑफ इंडिया, १९२६ मध्ये रस्त्यावर मोटारबस. १९२९ च्या सुमारास घाटात विजेची गाडी आली आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. आरंभी ती आठवड्याअखेरीची गाडी होती आणि तिला केवळ पहिला व दुसरा वर्ग होता. रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी ज्या तिसऱ्या वर्गाने जात, त्यांना ‘दक्खनची राणी’ फलाटावरून पाहण्यापुरतीच होती.

२५/ मग स्वातंत्र्याच्या आगेमागे एकेक कुलूप निघत गेले. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस असे प्रमाण ठरवले. पगार न बुडता सलग चार-आठ दिवस घराबाहेर राहता येणे, ही सहलीची पहिली अट आता कामगारालाही लागू झाली.

२६/ १९५५ हे साल तर या इतिहासात ठळक खूण करून ठेवावे असे. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) अधिनियम अमलात आला आणि हॉटेल, उपाहारगृह, धर्मशाळा, पाणवठा यांतून अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. त्याच जून महिन्यात डेक्कन क्वीनला प्रथमच तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले गेले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सहकुटुंब रजा-प्रवास सवलतीची योजना आली.

२७/ आणि पाहण्याजोगे? १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय, १९५२ मध्ये कमला नेहरू उद्यान आणि त्यातला म्हातारीचा बूट. राणीची बाग, गेटवे, मत्स्यालय, म्हातारीचा बूट, चौपाटीवरची भेळ हा जो ‘मुंबई दर्शन’चा क्रम अनेक मराठी घरांत आजी-आजोबांच्या तोंडी असतो, तो या दशकात बसला. सुट्टी, गाडी, मुक्काम आणि स्थळे या चारही गोष्टी कागदावर तरी सर्वांसाठी एकत्र आल्या, त्या या वेळी.

२८/ कागदावर, असेच म्हणावे लागते. डिसेंबर हा ऊसगळिताचाही महिना आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता, भांडी आणि लेकरे घेऊन साखर कारखान्यांच्या रानात उतरतात आणि गळीत हंगाम सरल्यावर परततात. हिवाळ्यात सहकुटुंब प्रवास तीही करतात. त्यांच्या मुलांची शाळा मात्र नाताळपुरती बंद नसते. ती हंगामभर सुटते.

२९/ यंदा मुंबईचा बेत ठरवणाऱ्यांनी बुधवार टाळावा, त्या दिवशी राणीची बाग बंद असते. घाटात गाडी बोगद्यात शिरली की मुलांना ते ४२ हजार हात आठवून द्यावेत. भाऊ दाजी लाड संग्रहालयातून बाहेर पडल्यावर परळच्या दिशेने पाहावे. गिरण्यांच्या जागी आता टोलेजंग इमारती आहेत, एखादे धुराडे अजून उभे दिसेल. त्या दिवशी रविवार असेल, तर तो कोणी मागून घेतला तेही मुलांना सांगावे.

(धागा समाप्त)